दुकानाचे दप्तर आणि त्याची राखण

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कल्याणच्या बाजारपेठेत नव्या वहीची पूजा होते. अलीकडे वहीशेजारच्या संगणकासही हळदकुंकू वाहिले जाते, आणि ते योग्यच होय. कारण व्यवहाराचे खरे दप्तर आता त्याच्याच पोटात असते. औषधांच्या दुकानात कोणत्या घरी कोणते औषध जाते याची नोंद असते; शिकवणीच्या वर्गाकडे मुलांची नावे व पालकांचे दूरध्वनी असतात; वाण्याकडे कोणाची उधारी किती थकली आहे, हे लिहिलेले असते. दुकान लहान म्हणून ही माहिती लहान ठरत नाही. ती दुकानदाराची मालमत्ता नसून गिऱ्हाइकांनी त्याच्यापाशी ठेविलेली ठेव आहे.

या ठेवीची राखण तीन प्रकारे करावी लागते. ती भलत्याच्या नजरेस पडू नये. तीत कोणी गुपचूप फेरफार करू नये. आणि हवी तेव्हा ती हाती यावी. जुन्या कारभारास या गोष्टी ठाऊक होत्या. वही कुलपात राही. मराठेशाहीतील पत्राच्या अखेरीस लेखनसीमेचा लहान शिक्का उमटवीत, तो अशासाठी की त्याच्याखाली मागाहून कोणी ओळ वाढवू नये. कीर्दीतील रक्कम खतावणीत पुन्हा मांडली जाई. त्यामुळे एकीतील चूक वा लबाडी दुसरीत उघडी पडे. तिसऱ्या बाबतीत मात्र कागद दुबळा होता, कारण वही बहुधा एकच असे.

तो दुबळेपणा २६ जुलै २००५ रोजी प्रत्ययास आला. त्या दिवसाच्या अतिवृष्टीत मुंबईस सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इकडे उल्हास व वालधुनी या नद्यांना पूर येऊन कल्याणच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. भिजलेला माल निदान मोजता येतो. परंतु उधारीची एकुलती एक वही भिजली, की कोणाकडे किती येणे आहे याचा पुरावाच उरत नाही.

आताचे संकट पावसावाचूनही येते. युक्रेन देशात कराच्या हिशेबासाठी एक संगणकप्रणाली सर्रास वापरली जात असे. २७ जून २०१७ रोजी तिच्या नेहमीच्या सुधारणांच्या वाटेने एक विध्वंसक प्रणाली पसरविण्यात आली. पुढे तिला ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. ती मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या संगणकांत शिरली, आणि त्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेवा बंदरातील धक्क्याचे काम खोळंबले. दूरदेशीच्या हिशेबाच्या वहीला लागलेली कीड अशी कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

कंपनीच्या जाळ्यात कोणास कोठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक होते. ते परस्परांच्या प्रती होते. तथापि सर्व एकमेकांस जोडलेले असल्यामुळे एकदमच निकामी झाले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला; कारण ऐन वेळी तेथील वीज गेल्याने तो जाळ्याबाहेर राहिला होता. त्याच्याच आधारे कंपनीने आपले जाळे पुन्हा उभे केले. भारनियमन भोगलेल्या कल्याणकरास यातील गंमत आणि बोध, दोन्ही समजतील. मुळाला सदैव जोडलेल्या प्रतीवर विसंबून चालत नाही. मूळ बुडाले की तीही बुडते.

लहान दुकानदारास याचा अर्थ सोपा आहे. रोज दुकान बंद करताना हिशेबाची प्रत निराळ्या तबकडीवर काढावी, तबकडी यंत्रापासून सोडवावी आणि दुकानाबाहेर सुरक्षित जागी ठेवावी. महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडणारी प्रत नसल्यासारखीच होय. मालक, मुनीम व नोकर यांनी एकच पासवर्ड वापरणे म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगणे होय. प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड असावा, ज्याला जेवढे काम तेवढेच दप्तर उघडावे, आणि नोकर सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा. मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक बँकेच्या नावाने बोलणाऱ्यासही सांगू नये. व्यापाऱ्याचा खातेक्रमांक बदलल्याचे पत्र आल्यास पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खातरजमा करावी. पैसे पाठविताना पिन लागतो, घेताना लागत नाही, एवढे गल्ल्यावरच्या प्रत्येकास पक्के ठाऊक असावे.

इतके करूनही घात झाला तर तो लपवू नये. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. वैयक्तिक माहितीविषयी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन तो टप्प्याटप्प्याने अमलात येण्याचे ठरले. संगणकात साठविलेली माहिती फुटू नये म्हणून वाजवी खबरदारी घेणे, आणि फुटल्यास ज्यांची ती आहे त्यांस कळविणे, ही कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. खबरदारीत कसूर झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

परंतु दंडाहून मोठी गोष्ट निराळीच आहे. औषधांच्या दुकानातील यादी भामट्याच्या हाती पडली, की तो एखाद्या एकट्या राहणाऱ्या वृद्धेस फोन करतो, तिच्या औषधाचे नाव अचूक सांगतो आणि दुकानातूनच बोलत असल्याची बतावणी करतो. ती विश्वास ठेवते. कारण हे नाव दुकानदारावाचून कोणास ठाऊक असणार? म्हणजे तेथे लुटला जातो तो दुकानदाराचा गल्ला नव्हे. लुटली जाते ती म्हातारी, आणि तीही दुकानदाराच्या नावावर. गल्ल्यातील तूट पुढल्या हंगामात भरून निघू शकेल. गेलेली पत भरून निघण्यास एक पिढीही अपुरी पडेल.