जुने गोवे : कॅथेड्रलमागचे संग्रहालय

जुने गोवे येथे येणारे बहुतेक जण बॉम जीझस बॅसिलिकेत शिरतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल पाहतात, हिरवळीवर छायाचित्रे काढतात आणि परततात. गोमंतकीयही याला अपवाद नाहीत. त्याच आवारात, कॅथेड्रलच्या पश्चिमेस, संत फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे, हे मात्र अनेकांच्या ध्यानीही येत नाही.

१८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली आणि फ्रान्सिस्कन साधूंना हा मठ सोडावा लागला. गोवा मुक्तीनंतर, १९६४ मध्ये, येथे संग्रहालय सुरू झाले. व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची सुमारे ६० चित्रे हे त्याचे मोठे आकर्षण. ही प्रथा जुआंव द कास्त्रो याने १५४७ मध्ये घातली. आरंभीची चित्रे लाकडी फळ्यांवर रंगवलेली आहेत. त्यांवर वेळोवेळी नव्याने रंग चढवला गेल्यामुळे मूळ चेहरा किती उरला असेल, ही शंका राहतेच.

तथापि पाहणाऱ्याने प्रथम वीरगळ आणि सतीशिळांपाशी थांबावे. कदंबकालीन वीरगळांवर नौकायुद्धाचे प्रसंगही कोरलेले आहेत. १५१० मध्ये पोर्तुगीज आले, त्याच्या कितीतरी आधी या भूमीचे लोक समुद्रावर लढत होते, याची साक्ष हे दगड देतात. नंतर ती चित्रे पाहिली, की साडेचार शतकांची सत्ताही गोव्याच्या इतिहासातील एक प्रकरण वाटू लागते, आरंभ नव्हे.

आफोंसो द आल्बुकर्क आणि कवी लुईश द कामोंइश यांचे ब्राँझचे पुतळेही येथेच आहेत. कामोंइशचा पुतळा १९६० मध्ये, मुक्तीच्या अवघे एक वर्ष आधी, बाहेरच्या चौकात उभारला गेला होता. अशा पुतळ्यांना चौथऱ्यावरून उतरवून छपराखाली आणणे हा शहाणा मार्ग ठरला. येथे त्यांना वंदन करावे लागत नाही आणि त्यांचा इतिहासही पुसला जात नाही.

शेजारचे चर्च १६६१ मध्ये नव्याने बांधले गेले, पण आधीच्या चर्चचा कोरीव दरवाजा तसाच ठेवला आहे. आत फरशीवर मानचिन्हे कोरलेले थडग्यांचे दगड दिसतात. पाय जपून टाकावेत. संग्रहालय शुक्रवारी बंद असते.