गोवरी आणि गोबर गॅस

दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत गोवऱ्यांच्या उंच राशी वरून शेणाने लिंपून ठेवलेल्या दिसतात. त्यांना तिकडे ‘बिटौडा’ म्हणतात. गोवरी जाळावी तर शेत उपाशी राहते. शेण शेतात घालावे तर चूल थंडावते. हा पेच शेतकऱ्याइतकाच कृषिशास्त्रज्ञांनाही छळीत आला आहे.

बिहारातील भूकंपानंतर, १९३६ साली, तेथील पुसा गावची कृषिसंशोधन संस्था दिल्लीस आली. तेथे एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेणापासून जळाऊ वायू मिळविण्याचे प्रयोग केले. कल्पना तशी जुनी होती; मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ साली मैल्यापासून असा वायू काढला गेला होता. परंतु शेतकऱ्याच्या गोठ्याचा विचार येथे सुरू झाला.

शेण आणि पाणी समभाग कालवून हवाबंद विहिरीत सोडले, की हवेवाचून जगणारे जंतू ते कुजवितात. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तो निळ्या ज्योतीने, धुरावाचून जळतो. गंमत अशी, की खताचे सत्त्व असलेला नत्र बहुतांशी मागे राहिलेल्या रबड्यातच टिकतो. गोवरीत तोच धुराबरोबर जातो.

मग घरोघर ही विहीर का झाली नाही? जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या लोखंडी टाकीची रचना सिद्ध केली आणि पुढे खादी आयोगाने तिचा प्रसार केला. टाकी वायू भरताच वर येते, वापरताच खाली बसते. पण ती महाग, आणि गंजणारी. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशातील अजितमल येथील ‘जनता’ नमुन्याने लोखंड वगळून विटांचा स्थिर घुमट आणला. १९८४ साली दिल्लीच्या ‘अफप्रो’ या संस्थेने ‘दीनबंधु’ नमुना काढून खर्च आणखी उतरविला. दरम्यान, १९८१ पासून केंद्र सरकारने अनुदानासह राष्ट्रीय प्रकल्पही चालविला.

खर्च उतरला, तरी शेणाचा हिशेब उतरला नाही. दोन घनमीटर वायूसाठी रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चारपाच जनावरे हवीत. एकुलती म्हैस असलेल्या घराला नाव ‘दीनबंधु’ असून उपयोग काय? शिवाय तितकेच पाणी रोज आणावे लागते आणि शेण कालवावे लागते. हे काम बहुधा घरातील बाईच्याच वाट्याला येते. धुरापासून सुटका तिची होते हे खरे. विहीर बांधण्याचा निर्णय मात्र बहुधा तिच्या हाती नसतो.

त्यातून दिल्लीची थंडी. गारठा वाढला की जंतू मंदावतात आणि ऐन पौषात, पाणी तापविण्याची निकड असताना, वायू घटतो. म्हणून अंगणात वायूची विहीर असलेली गृहिणीही परसातला बिटौडा लगेच मोडीत काढीत नाही.