मनोरा : तंजावरच्या भोसल्यांचा समुद्राकाठचा मुक्काम

चेन्नई येथील एग्मोर रेल्वे स्थानकासमोरच्या गांधी-आयर्विन रस्त्यावर तामिळनाडू राज्य अभिलेखागाराची लाल विटांची इमारत उभी आहे. तंजावर दरबारातील इंग्रज रेसिडेंटाचा पत्रव्यवहार याच संग्रहात जतन करण्यात आला आहे. दक्षिणेत जवळपास पावणेदोनशे वर्षे नांदलेल्या मराठी राज्याचा अखेरचा काळ समजून घेण्यासाठी अभ्यासकांना या दप्तरांचा आधार घ्यावा लागतो. त्या काळाची दगडविटांतील साक्ष मात्र येथून बरीच दूर, पाल्कच्या उपसागराच्या किनाऱ्यावर आहे. तिचे नाव मराठी वाचकाला भाषांतराशिवाय कळेल असे आहे : मनोरा.

तंजावरपासून सुमारे 65 किलोमीटरवर आणि पट्टुकोट्टईपासून सुमारे 20 किलोमीटरवर मल्लिपट्टिणम हे मच्छिमारांचे बंदर आहे. त्याच्या जवळच ही षटकोनी, आठ मजली वास्तू सरफोजीराजे दुसरे यांनी 1814-15 मध्ये बांधली. भोवती तट आणि खंदक असल्यामुळे लोक तिला किल्ला म्हणतात. प्रत्यक्षात येथे लढाई करण्याइतके सैन्य राजाजवळ उरले नव्हते. राजे आणि राणीवसा अधूनमधून समुद्राची हवा घेण्यासाठी येथे मुक्कामास येत असत आणि रात्री मनोऱ्यावरील दिवा गलबतांना वाट दाखवीत असे, असे सांगितले जाते. राजघराण्याचे विश्रामस्थान आणि दीपगृह अशी दोन्ही कामे एकाच इमारतीने केली असल्यास त्यात नवल नाही. येथील समुद्र उथळ व बहुधा शांत आहे.

तथापि, ही वास्तू उभारण्याचे जाहीर कारण वेगळेच होते. भिंतीवर मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा पाच भाषांतील लेख आहेत. ब्रिटिश शस्त्रांचा विजय आणि बोनापार्टचे पतन यांच्या स्मरणार्थ, ब्रिटिश सरकारचे मित्र असलेल्या सरफोजी महाराजांनी हा स्तंभ उभारला, असा त्यांचा आशय आहे. अनेक माहितीपत्रकांत हे स्मारक वॉटर्लूच्या लढाईचे असल्याचे सांगितले जाते. परंतु लेखातील वर्ष 1814 आहे आणि वॉटर्लूची लढाई जून 1815 मध्ये झाली. त्यामुळे येथे अभिप्रेत असलेले पतन म्हणजे नेपोलियनचा एप्रिल 1814 मधील पदत्याग, हे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

युरोपातील एका सम्राटाच्या पराभवाचा आनंद कावेरीकाठच्या मराठी राजाला का व्हावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तुळजाजीराजांनी 1787 मध्ये दत्तक घेतलेल्या सरफोजींना गादीसाठी अकरा वर्षे थांबावे लागले. त्यांतील काही वर्षे त्यांनी मद्रासमध्ये इंग्रजांच्या आश्रयाखाली काढली. 1798 मध्ये कंपनीने त्यांना गादीवर बसवले आणि 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राजाकडे तंजावरचा किल्ला व आसपासचा थोडा भाग, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. मनोऱ्यावरील मैत्रीची भाषा या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. तिला केवळ खुशामत म्हणणे सोपे आहे. पण राजाला जे वाचवायचे होते, ते कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होते, हेही विसरता येत नाही.

वाचवायचे होते त्यात छत्रे अग्रभागी होती. तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी भोसले राजांनी वाटेवर अन्न व निवाऱ्याच्या धर्मशाळा बांधल्या होत्या. त्यांतील अनेकींना राजघराण्यातील स्त्रियांची नावे होती. मनोऱ्याच्या वाटेवरील ओरत्तनाडू येथील छत्र सरफोजींना प्रिय असलेल्या मुक्तांबाळ यांच्या नावाने ओळखले जाते. मनोऱ्याच्या परिसरातील सेतुबावाछत्रम या गावाने तर आपल्या नावातच हा शब्द जपला आहे.

या छत्रांची गावे कंपनीने काढून घेऊ नयेत, यासाठी सरफोजींनी 1801 मध्ये रेसिडेंटाला पत्र लिहिले. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत प्रत्येक वाटसरूला येथे जेवण मिळते, रात्री उशिरा आलेल्यांनाही उपाशी ठेवले जात नाही, आजारी माणसावर बरा होईपर्यंत उपचार होतात, बाळंतिणीची व तान्ह्या मुलांच्या दुधाची सोय केली जाते, मृताचे अंत्यसंस्कार त्याच्या रीतीप्रमाणे केले जातात, असा तपशील त्यात आहे. या दानधर्मामुळेच तंजावरला धर्मराज्य म्हणतात, असेही राजांनी नमूद केले होते. छत्रे राजाच्या व्यवस्थेखाली राहिली. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये पुरुष वारसाविना निधन पावले, तेव्हा मात्र राज्य खालसा करण्यात आले.

आज मनोऱ्याच्या पायथ्याशी राजाचा नव्हे, तर मच्छिमारांचा वावर अधिक आहे. पलीकडे श्रीलंका असल्याने सागरी हद्दीचा प्रश्न येथील नौकांना सतत भेडसावतो. नोव्हेंबर 2018 मधील 'गज' चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील होड्यांची आणि पट्टुकोट्टई परिसरातील नारळबागांची मोठी हानी केली. सप्टेंबर 2022 मध्ये तामिळनाडू सरकारने तंजावर व पुदुकोट्टई जिल्ह्यांलगतचे 448 चौरस किलोमीटर समुद्रक्षेत्र डुगाँग या सागरी सस्तन प्राण्यासाठी राखीव म्हणून घोषित केले. समुद्रातील गवतावर जगणाऱ्या या प्राण्यासाठी अशा प्रकारचे देशातील हे पहिलेच राखीव क्षेत्र आहे. जाळ्यात अडकलेला डुगाँग जिवंत सोडून देणे स्थानिक मच्छिमारांच्या सहकार्याशिवाय शक्य नाही. त्याच्या संवर्धनासाठीचे आंतरराष्ट्रीय केंद्र मनोरा येथेच उभारण्याचे राज्य सरकारने जाहीर केले आहे.