आपल्या कानांवरचे गायक

ख्याल म्हणजे संगीत आणि बाकीची करमणूक, ही वाटणी मला मान्य नाही. मराठवाड्यात पं. नाथराव नेरळकरांनी (निधन २०२१) ख्यालगायकीचे शिष्य घडविले, हे थोरच. पण प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज आषाढीला विठ्ठलापुढे आणि १४ एप्रिलला भीमजयंतीत, दोन्हीकडे घरचाच वाटतो. अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरवरही तोच! शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) तर भारूड, कोळीगीत, कव्वाली, भीमगीत एकाच गळ्यातून काढीत. ‘जांभूळ आख्यान’ त्यांनी रंगमंचावर गाजविले. विलंबित ख्यालात समेची वाट पाहावी लागते, कव्वालीत टाळीच ती दाखविते. म्हणून नवख्याने आधी उमप ऐकावेत, मग नेरळकर. मान आपोआप समेवर येते.