नवजात बाळाचा एक्स-रे : भीती किती, काळजी किती?

जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून धाप लागलेलं नवजात बाळ जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पाठवलं, की छातीचा एक्स-रे लागू शकतो. त्यातून साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. माती, हवा, अन्न आणि अवकाशातून जगात प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतोच. म्हणजे ही मात्रा जेमतेम तीन दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढी. मग जपायचं कशाला? कारण नवजाताच्या पेशी झपाट्याने विभागतात, कर्करोग उद्भवायला पुढे अख्खं आयुष्य असतं, आणि इवल्याशा देहात छातीसोबत पोट, थायरॉइडही सहज झोतात येतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे तर वारंवार एक्स-रे निघतात आणि प्रत्येकाचा अल्प धोका आधीच्यात मिळवला जातो.

म्हणून एक्स-रे नाकारावा, असं मात्र नाही. न्यूमोनिया किंवा फुप्फुसाभोवती साठलेली हवा वेळीच कळली नाही, तर बाळ काही तासांत दगावू शकतं. त्यापुढे किरणांचा धोका नगण्य आहे. टाळायचा तो अनावश्यक एक्स-रे. आधीची फिल्म सोबत न्या, ‘याने उपचार बदलणार का?’ आणि ‘झोत छातीपुरताच ठेवाल ना?’ हे विचारा, आणि गरज असेल तर निःशंकपणे एक्स-रे काढू द्या.