पाण्याचे बिल आणि सांडपाण्याचा हिशेब

गोव्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे लागलीच म्हादईवर जाते आणि ते स्वाभाविकही आहे. जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाच्या पदरात १३.४२ टीएमसी पडले, हा आकडा येथे पुष्कळांना तोंडपाठ आहे. परंतु स्वतःच्या घरी आलेल्या पाण्याच्या बिलावरील कोणती रक्कम कशाची, हे सांगू शकणारा गृहस्थ विरळाच. नळाला पाणी असले की बिलाकडे पाहावयाचे नाही आणि नसले की रिकाम्या कळशा घेऊन खात्याच्या कचेरीवर जावयाचे, ही आपली रीत होऊन बसली आहे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्यमंत्र्यांनी महिन्याला १६ घनमीटरपर्यंत, म्हणजे १६,००० लिटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांस बिल माफ करण्याची घोषणा केली. त्यानंतर निवडणूक फार दूर नव्हती, हे सांगावयास नकोच. पण ते राजकारण बाजूस ठेवू. त्या घोषणेमागचे गणित टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या कोणत्याही दरपत्रकास लागू पडते, म्हणून ते मांडून पाहण्याजोगे आहे. दोघांच्या सदनिकेत १६,००० लिटर म्हणजे माणशी दिवसाला सुमारे २६७ लिटर. पाचजणांच्या घरात तेच १०७ होतात. फोंडा महालातल्या एखाद्या जुन्या चौकाच्या घरात, जेथे एका मीटरवर तीन चुली व दहा माणसे आहेत, तेथे माणशी केवळ ५३ लिटर उरतात. केंद्राच्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी दिवसाला किमान ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे त्या घराने हे किमान पाणी वापरले तरी महिन्याला १६,५०० लिटर होऊन ते मर्यादेबाहेर पडणार. चवथीला मुंबईहून, आखातातून घरची माणसे आली की काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. त्यातून मीटर वाचणारा दोन-तीन महिन्यांनी फिरकला व साऱ्या वापराची महिनेवार विभागणी झाली नाही, तर काटकसरी कुटुंबही वरच्या दराच्या टप्प्यात जाऊन बसते. अशा घराने स्वतंत्र मीटर मागावेत, तर आड येते ती मालमत्तेची वाटणी. आणि आपल्याकडचे इन्व्हेंटरीचे खटले किती काळ रेंगाळतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्यास विचारावे. वाटणीची वाट न पाहता चुलीगणिक मीटर देण्यास काय हरकत आहे, हे आम्हांस उमगलेले नाही. मीटर बसल्याने कोणाची मालकी सिद्ध होत नाही, एवढे वाक्य अर्जावर छापले की पुरे.

नळ पोचविण्याच्या बाबतीत सरकारला श्रेय द्यावयास हवे. २०२० साली 'हर घर जल' म्हणून जाहीर झालेले गोवा हे देशातील पहिले राज्य. परंतु नळ पोचणे निराळे आणि पाणी पोचणे निराळे. ओपा, अस्नोडा, साळावली अशा मोजक्या प्रकल्पांवर सारे राज्य विसंबून आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे ओपाची मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा ऐन पावसाळ्यात तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांनी कित्येक दिवस टँकरची वाट पाहिली. मुंडकार संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. तरीही भाटातून नळ न्यावयाचा म्हटले की संमतीचा प्रश्न अद्याप उपस्थित होतोच.

खरी गुंतागुंत आहे ती सांडपाण्याची. मलनिस्सारणासाठी २००१ साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, २००७ साली जपानकडून कर्ज मिळाले, रस्ते खणले गेले. तरीही वाहिनी दारावरून जात असता जोडणी न घेणारी घरे ठिकठिकाणी आहेत. लोकांना केवळ बेजबाबदार म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. ज्याने पदरमोड करून सेप्टिक टँक बांधली, त्याला तुळशीवृंदावनापुढचे अंगण पुन्हा खणावयाचे आणि वर दरमहा आकार भरावयाचा, हे रुचत नाही. त्याच्या लक्षात येत नाही ते एवढेच की आपली चिऱ्याची जमीन सच्छिद्र असून शोषखड्ड्यातले पाणी शेजारच्या विहिरीपर्यंत सहज झिरपू शकते. खारेबांद ते मोबोर हा साळ नदीचा पट्टा केंद्रीय मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत उगाच गेला नाही.

मुंबई महापालिका पाणीपट्टीच्या ७० टक्के इतका मलनिस्सारण आकार घेते. मुंबईत ही रीत बरीचशी चालून जाते, कारण तेथील बहुतेक पाणी पालिकेच्याच नळातून येते. किनाऱ्यावरच्या आमच्या गावांत तसे नाही. येथे कित्येक हॉटेले व सदनिकासंकुले विहिरीचे किंवा टँकरचे पाणी वापरतात. ते पाणी सरकारी मीटरला दिसत नाही, पण वापरून झाल्यावर जाते त्याच मलवाहिनीत, नाहीतर ओहोळात. नळाच्या मीटरवर सांडपाण्याचा आकार बसविला तर चार माणसांचे घर तो पुरा भरील आणि पन्नास खोल्यांचे हॉटेल अंशमात्र भरून सुटेल. २००२ च्या भूजल नियमन कायद्याने विहिरी आणि टँकर नोंदणीच्या कक्षेत आणलेले आहेत. त्या नोंदी आणि पाण्याचे ग्राहक यांची एकमेकांशी पडताळणी करून मोठ्या वापरकर्त्यांच्या विहिरींवर मीटर बसवावेत व टँकरच्या प्रत्येक फेरीची नोंद बिलात यावी. हे काम आधी पर्यटनपट्ट्यात व्हावे. घरगुती आकारात वाढ करण्याचा विचार असेल, तर तो या नोंदी लोकांपुढे ठेवल्यानंतरच विधानसभेत यावा.