सुरतेची हकीकत

सुरतेच्या गोपीपुऱ्यात आमलीरान नावाची एक वस्ती आहे. आमली म्हणजे चिंच, आणि कोणे एके काळी येथे चिंचांचे बन असावे असे नावावरून वाटते. पण ते रान आता नावापुरतेच उरले असून, जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांतून, दुतर्फा झुकलेल्या सज्जांच्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्यांच्या मधून वाट काढीत जो प्रवासी तेथवर जाऊन पोहोचतो, त्याच्यासमोर येते ते एक घर. ‘सरस्वती मंदिर’ हे त्याचे नाव. गुजराती गद्याचा जनक म्हणून ज्याला तो प्रांत मानतो त्या कवी नर्मदाचे हे निवासस्थान. देवळाचे नाव आपल्या राहत्या घराला देणाऱ्या या पुरुषाने त्या देवतेची पूजा किती जिवापाड केली आणि तिच्यापायी किती कर्ज अंगावर घेतले, हे ज्यास ठाऊक आहे त्याला ते नाव वाचताना बडेजावाचा वास येत नाही.

मराठी वाचकाच्या मनातील सुरत निराळी आहे. ‘सुरत’ हा शब्द उच्चारला की आपल्याला पाठोपाठ ‘लूट’ हा शब्द आठवतो. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवछत्रपतींच्या घोडदळाने हे मोगली बंदर धुऊन नेले, सुभेदार इनायतखान किल्ल्याचा दरवाजा लावून आत बसला, इंग्रजांनी आपली वखार कशीबशी राखली, इतके आपण शाळेत शिकतो आणि तेथेच सुरतेच्या नावाने पुस्तक मिटतो. त्या पराक्रमाचा अभिमान मलाही आहे. परंतु ज्या शहराच्या तिजोऱ्यांचा हिशेब आपण तीन शतके मोठ्या आवडीने सांगत आलो, त्या शहराच्या लेखणीचा हिशेब आपण कधी विचारलाही नाही, ही गोष्ट मला अलीकडे बोचू लागली आहे. आणि ती अधिकच बोचते, कारण त्या लेखणीच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एका मराठी माणसाचे नाव आहे.

त्या नावाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाविषयी लिहिले पाहिजे. तो शब्द म्हणजे हकीकत. फारसी दप्तरातून तो मराठीत आला तसाच गुजरातीतही गेला. नर्मदाने आपल्या शहराचा इतिहास लिहिला त्याचे नाव ‘सुरतनी मुखतेसर हकीकत’, आणि आपले आत्मचरित्र लिहिले त्याचे नाव ‘मारी हकीकत’. आत्मचरित्राचे लेखन १८६६ सालचे, आणि शहराचा इतिहासही त्याच सुमाराचा. बंदराची भरभराट, मराठ्यांच्या स्वाऱ्या, आग, महापूर, वैभवाची उतरती कळा, हे सारे ज्या शब्दाखाली मांडले तोच शब्द त्याने स्वतःच्या दारिद्र्यासाठी, प्रेमासाठी, भित्रेपणासाठी आणि बंडखोरीसाठीही वापरला. योगायोग असा की, ज्या इमारतीतून आज सुरतेची महानगरपालिका आपला कारभार पाहते ती मुघलसराई, मक्केस निघालेल्या यात्रेकरूंच्या उतरण्यासाठी १६४४ मध्ये शाहजहानच्या अंमलात ज्या अधिकाऱ्याने बांधविली, त्याचाही किताब हकीकतखान असाच होता.

नर्मदाचा, म्हणजे नर्मदाशंकर लालशंकर दवे याचा, जन्म २४ ऑगस्ट १८३३ चा. वडील मुंबईत लेखनिकाचे काम करीत, म्हणजे दुसऱ्यांचे ग्रंथ सुंदर अक्षरात उतरवून देण्यावर त्यांचा चरितार्थ चाले. मुलाने दुसऱ्यांचे अक्षर उतरविण्याऐवजी स्वतःचे अक्षर उमटविण्याचे ठरविले. एल्फिन्स्टन संस्थेत त्याचे शिक्षण झाले, विशीच्या आतच तरुणांची बुद्धिवर्धक सभा उभी राहिली, आणि २३ नोव्हेंबर १८५८ रोजी, पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या या गृहस्थाने शिक्षकाची नोकरी सोडून घरी येऊन, डोळ्यांत पाणी आणून, यापुढे लेखणीच्याच आश्रयाने जगण्याची प्रतिज्ञा केली. ही घटना गुजरातेत शाळकरी मुलासही ठाऊक असते. आपल्याकडे या तोडीचा दिवस शोधू गेल्यास मला चिपळूणकरांनी सरकारी नोकरीची बेडी तोडली तो दिवस आठवतो. पण चिपळूणकरांच्या मागे लवकरच एक शाळा, एक छापखाना आणि मित्रांचे मंडळ उभे राहिले, आणि सुरतेच्या या ब्राह्मणाच्या मागे बहुतांशी सावकारच उभे होते.

१८६४ मध्ये त्याने ‘डांडियो’ हे पाक्षिक काढले. रात्रीच्या गस्तीत दांडी वाजवून झोपलेल्यांना जागे करणाऱ्या पहारेकऱ्यावरून घेतलेले हे नाव पत्राने सार्थ केले. विधवाविवाहाचा पुरस्कार त्याने लेखांतून केला, १८६० साली वैष्णव महाराजांशी भर सभेत वाद घालून केला, आणि पुढे १८६९ मध्ये एका विधवेशी स्वतः विवाह करून केला. शब्दकोशाचे काम तर त्याने एकट्याने उचलले. मोल्सवर्थच्या मराठी कोशामागे कंपनी सरकारचा खजिना आणि शास्त्र्यांचे एक मंडळच होते. नर्मदाचा सुमारे पंचवीस हजार शब्दांचा ‘नर्मकोश’ १८७३ मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडला तेव्हा त्यामागे एका माणसाची वर्षानुवर्षांची जागरणे होती. आणि मग १८८२ साली, चोवीस वर्षे पाळलेली प्रतिज्ञा मोडून, कर्जाने गांजलेल्या या माणसाला मुंबईतील एका धर्मादाय खात्यात नोकरी पत्करावी लागली. त्यानंतर चारच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८६ रोजी, तो गेला. अखेरच्या काळात त्याचे विचारही पालटले होते, सुधारणेचा हा कैवारी जुन्या धर्माकडे वळला होता, आणि त्याबद्दल समकालीनांनी त्याला बोल लावला. मला मात्र त्या बदलापेक्षा त्या नोकरीचे दुःख मोठे वाटते. विचार पालटण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, पण ज्याने भाषेला कोश दिला त्याला त्या भाषेच्या बाजारात पोटापुरते मिळू नये, हे त्या समाजाच्या खातेवहीत नावे पडलेले कर्ज आहे.

आता त्या मराठी माणसाविषयी. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहून १८३६ मध्येच कीर्ती मिळविलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० नंतरच्या काही वर्षांत सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून होते. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहताजी या विलक्षण गुजराती शिक्षकाशी पडली. दुर्गारामांनी १८४२ मध्ये मित्रांच्या साहाय्याने ‘पुस्तक प्रसारक मंडळी’ काढून शिळाछाप आणविला होता, आणि अंगात येणे, मूठ मारणे, मंत्राने वश करणे असल्या प्रकारांवर त्यांचा भारी कटाक्ष होता. २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली ती या मंडळींच्या पुढाकाराने. तिची बैठक बंद दाराआड भरत नसे. कोणीही यावे, ऐकावे, प्रश्न विचारावा. गावातील मांत्रिकांना सभेने उघड आव्हान दिले की, तुमच्या विद्येचा प्रभाव आम्हांस सर्वांदेखत दाखवा. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास या सर्वांच्या नावांचे आद्याक्षर ‘द’ असल्याने सुरतकरांनी त्यांना ‘पाच दद्दा’ म्हटले. दादोबा पुढे मुंबईस परतले आणि तेथे १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. तिचे कामकाज मात्र गुप्त होते. सुरतेत जे दिवसाढवळ्या बोलले गेले ते मुंबईत दार लावून बोलावे लागले, या विरोधाचे कारण आमच्या समाजसुधारणेच्या इतिहासकारांनी अधिक बारकाईने शोधावे असे मला वाटते. दादोबांच्या आत्मचरित्रात सुरतेच्या दिवसांची नोंद आहे. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही, अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ मध्ये प्रसिद्धीस आणले. नर्मदाने आपल्या ‘हकीकती’च्या मोजक्याच प्रती मित्रांसाठी छापल्या होत्या, आणि लोकांच्या हाती ती पडली १९३३ साली, त्याच्या जन्मशताब्दीला. एकाच शहराशी नाते असलेल्या दोन सुधारकांनी मनापासून लिहिलेला मजकूर इतकी वर्षे बासनात पडून राहावा, आणि तरीही तो नष्ट न होता वाचकापर्यंत यावा, याबद्दल ज्यांनी ती बासने सांभाळली त्यांचे उपकार मानावे तितके थोडेच.

१८६६ हे वर्ष सुरतेला फार फळले. त्याच वर्षी, सुरतेच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर राहिलेले नंदशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ ही गुजरातीतील पहिली मानली जाणारी कादंबरी प्रसिद्ध झाली. पाटणचा अखेरचा वाघेला राजा कर्ण, त्याचे राज्य बुडविणारे अलाउद्दीनाचे सैन्य, आणि देवगिरीच्या यादवांकडे दिली जाणारी त्याची कन्या, असा तिचा विषय. म्हणजे बागलाणाच्या डोंगरांतून तिची वाट महाराष्ट्राकडेच येते. नर्मद, नंदशंकर आणि समीक्षक नवलराम पंड्या यांना सुरतेत ‘त्रण नन्ना’, म्हणजे तीन ‘न’, म्हणत. आधीचे पाच ‘द’ आणि हे तीन ‘न’ एवढ्यांतच एकोणिसाव्या शतकातील गुजराती विचारजीवनाचा केवढा तरी भाग सामावतो.

विसाव्या शतकात हा प्रवाह आटला नाही. गुजराती विनोदाचे सम्राट ज्योतींद्र दवे आणि नाटककार चंद्रवदन मेहता हे दोघेही १९०१ चे, दोघेही सुरतेचे. धनसुखलाल मेहता यांच्यासह ज्योतींद्रांनी लिहिलेल्या ‘अमे बधां’ या कादंबरीत जुन्या सुरतेचे घरगुती जीवन भरलेले आहे. कपडे शिवता शिवता गझल लिहिणारे गनी दहींवाला याच शहराचे. १८६३ मध्ये निघालेले ‘गुजरातमित्र’ हे वृत्तपत्र आजही चालू आहे, आणि त्याच्या कचेरीत उभी हयात घालविलेले भगवतीकुमार शर्मा यांच्या ‘असूर्यलोक’ या कादंबरीस १९८८ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. दृष्टी हरपत जाण्याचे दुःख हा तिचा विषय, आणि लेखकाची स्वतःची दृष्टीही अधूच होती.

चित्रकलेकडे वळले की शहापोरच्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिराकडे पाय वळतात. औरंगजेबाच्या काळातील या लाकडी मंदिराचे बाह्यरूप साधे आहे. आत मात्र खांबांवरील कोरीव काम आणि फळ्यांवरील, वनस्पतिजन्य रंगांनी काढलेली चित्रे पाहताना बाहेरच्या बाजाराचा गोंगाट ऐकू येईनासा होतो. सुरतेच्या तापीच्याच काठी, शहरापासून आत गेल्यावर, बारडोलीच्या मुलुखात हरिपुरा लागते. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेस भरली, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी सुमारे चारशे भित्तिपत्रके तयार केली: पिंजारी, शिंपी, ढोलकीवाला, दळणारी बाई, मल्ल. राजकीय परिषदेला आलेल्या शेतकऱ्याला मंडपात स्वतःचेच रूप दिसावे, ही त्यामागची कल्पना. ते चित्रकार बंगालचे; पण तापीकाठच्या मातीत जी चित्रे प्रथम उभी राहिली त्यांवर त्या मातीचा हक्क मी कमी मानीत नाही.

आणि सुरतेच्या दक्षिणेस, आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, नवसारी. तेथे ९ डिसेंबर १९१३ रोजी एका फिरत्या नाटक मंडळीतील पारशी नटाच्या घरी होमाई व्यारावाला जन्मल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावावर छापली जात, आणि ‘डालडा १३’ हे टोपणनाव त्यांनी पुढे घेतले ते जन्मसालाच्या आणि मोटारीच्या क्रमांकाच्या मेळातून. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर फडकलेला ध्वज, गांधीजींची अंत्ययात्रा, कबुतर सोडणारे नेहरू, ही आपल्या सर्वांच्या डोळ्यांत ठसलेली दृश्ये साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर वागवीत सायकलीने हिंडणाऱ्या या बाईंनी टिपलेली आहेत. १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. पद्मविभूषण मिळाले २०११ मध्ये, आणि पुढच्याच जानेवारीत त्या बडोद्यास निवर्तल्या. नवसारी त्या काळी गायकवाडी अंमलात होती, हेही मराठी वाचकाने ध्यानी ठेवावे.

सुरतेचा समुद्र शहरातून दिसत नाही. डुमस किंवा सुंवाळीपर्यंत गेल्यावाचून लाटेचे दर्शन नाही. ज्या तापीच्या मुखातून जहाजे ये-जा करीत तिच्यात गाळ साचला, व्यापार मुंबईने नेला, १८३७ च्या एप्रिलातील आगीने शहर होरपळले आणि त्याच वर्षी पुरानेही छळले. सुरतेचे लिहिणारे लोक निपजले ते या पडत्या काळात, आणि त्यांतील काहींना पोटासाठी मुंबई गाठावी लागली. आज प्रवाह उलटा आहे. उधन्याहून जळगावकडे फुटणाऱ्या ताप्ती व्हॅलीच्या लोहमार्गाने, म्हणजे जवळजवळ नदीच्याच सोबतीने, खानदेशातून लाखो माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा येथे येऊन यंत्रमागांवर उभी राहिली आहेत. तेथल्या चहाच्या टपऱ्यांवर अहिराणी कानी पडते, आणि महानगरपालिका ज्या सात भाषांतून शाळा चालविते त्यांत मराठीही आहे. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’, म्हणजे जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत, ही म्हण ज्यांच्या वाट्याला फारशी येत नाही, अशा या माणसांत रात्रपाळी संपल्यावर वहीत काही टिपून ठेवणारा कोणी नक्कीच असेल. नर्मदाची हकीकत लोकांच्या हाती पडायला सदुसष्ट वर्षे लागली. लिंबायतची हकीकत निघेल तेव्हा ती मराठीत असेल, आणि सुरतेच्या नावापुढे आपण कोणता शब्द जोडतो हे त्या दिवशी मला पुन्हा पाहायचे आहे.